सरकार पाडायची सोय हवी की ठरलेल्या मुदतीची हमी?

मूळ धागा
संसदीय पद्धतीत पंतप्रधानाचा अर्धा जीव खुर्ची सांभाळण्यात जातो, असं माझं ठाम मत झालंय. इटलीत १९४६ पासून साठाहून अधिक सरकारं झाली. बेल्जियममध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनायला ५४१ दिवस लागले. लोकांनी मतं दिली आणि राज्य कोण करणार हे कळायला दीड वर्ष! त्यापेक्षा राष्ट्राध्यक्ष थेट निवडा, मुदत द्या, ती संपली की हिशेब मागा.

प्रतिसाद १
असहमत. मुदत संपेपर्यंत हात बांधून बसायचं, यातच सगळा धोका आहे. चिलीत १९७० मध्ये आयेंदे जेमतेम ३६ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. संसदेत बहुमत विरोधकांचं. दोघंही लोकांनीच निवडलेले, मग माघार कोणी घ्यायची? अध्यक्षांना हटवायला लागणारी दोन तृतीयांश मतं विरोधकांकडे नव्हती. कोंडी फुटेना. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं सत्ता बळकावली, ती १९९० पर्यंत. अविश्वास ठरावाची वाट असती तर निदान एक दार उघडं राहिलं असतं.

धागाकर्ता
लष्कराच्या पापाचं खापर पद्धतीवर का? अविश्वास ठरावाची वाट १९३२ च्या जर्मनीतही होती. कम्युनिस्टांनी पापेन सरकारविरुद्ध ठराव आणला, नाझींनी त्याला मतं दिली. पाडायला सगळे एक, चालवायला कुणीच नाही. पुढे काय झालं ते सांगायला नको.

प्रतिसाद १
तोच धडा घेऊन १९४९ च्या जर्मन घटनेत अट आली: नवा चॅन्सेलर (म्हणजे तिथला पंतप्रधान) निवडल्याशिवाय जुना हटवता येत नाही. १९७२ मध्ये चॅन्सेलर ब्रांट दोन मतांनी वाचले. १९८२ मध्ये श्मिट गेले, त्याच मतदानानं कोल आले. खुर्ची एक दिवसही रिकामी नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हेच मांडलं होतं: स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्व मोठं, आणि सरकारची झडती रोज व्हावी.

प्रतिसाद २
दक्षिण कोरियात अध्यक्षीय पद्धतच आहे. ३ डिसेंबर २०२४ ला अध्यक्षांनी लष्करी कायदा पुकारला, काही तासांत संसदेनं तो फेटाळला. एप्रिल २०२५ मध्ये घटना न्यायालयानं त्यांना पदावरून काढलं. म्हणजे अध्यक्षीय पद्धतीतही मुदतीआधी हटवता येतंच.

धागाकर्ता
जर्मन अट मला पटली. पण बेल्जियमच्या ५४१ दिवसांवर ती इलाज नाही. बहुमत जमतच नसेल, तर नवा नेता निवडायचा कोणी?