विषय: पुतण्या, कन्नड घाट आणि मर्क्सची टीम

मंडळी,
सुट्टीत चाळीसगावला आलोय. पुतण्या सतरा वर्षांचा. पहाटे सायकलवर कन्नड घाट चढून येतो आणि घरी आला की शेवभाजीवर तुटून पडतो. परवा विचारत होता, "काका, तिकडे आमच्या वयाच्या पोरांची सायकलिंगची टीम असते म्हणे. तीच पुढे मोठ्या शर्यतीत उतरते का?" मला काय कळतंय! बेल्जियमवाले अप्पा, तुम्हीच सांगा.
— चाळीसगावकर

---

भाऊ,
टीम तिथेच राहते, पोरं मोठी होऊन जातात. केळीची रोपं विकणारा घड कधी कापतो का? तसंच हे.

ॲक्सेल मर्क्सची टीम घे. बेल्जियमचा दिग्गज सायकलपटू एडी मर्क्स, त्याचा हा मुलगा, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचं ब्राँझ याच्याकडे. २००९ मध्ये ट्रेक-लिव्हस्ट्राँग या नावाने तेवीस वर्षांखालच्यांची अमेरिकन टीम निघाली, पाठीशी अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग. टीमच्या टेलर फिनीने त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी फ्रान्समधली पॅरिस-रुबे ही एका दिवसाची शर्यत, तेवीसखालची, मारली. नंतर नावं बदलत गेली: बाँट्रेगर, बिसेल, ॲक्सिऑन, हेगन्स बर्मन ॲक्सिऑन. (आपल्या गणेश मंडळाच्या कमानीसारखं, देणगीदार बदलला की नाव बदललं.) मर्क्स मात्र तोच.

२०१७ मध्ये टूर ऑफ कॅलिफोर्निया ही शर्यत वर्ल्ड टूरमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जात, गेली आणि खालच्या दर्जाच्या टीमना तिची दारं बंद झाली. म्हणून २०१८ ला हे एक पायरी वर चढले, २०२० ला पुन्हा खाली उतरले. त्याच साली खरी गंमत झाली. करोनामुळे जिरो, म्हणजे इटलीची तीन आठवड्यांची शर्यत, ऑक्टोबरमध्ये झाली. पंधरा दिवस गुलाबी जर्सी (आघाडीवर असेल त्याची) जुआंव अल्मेदाच्या अंगावर, आणि मिलानला जिंकला टाओ गेगन हार्ट. दोघंही याच टीममधून गेलेले, पण तोवर वेगवेगळ्या टीममध्ये! अल्मेदा चौथा आला. यास्पर फिलिप्सनही इथलाच. त्याने २०२४ ची मिलान-सान रेमो ही इटलीतली एका दिवसाची मोठी शर्यत जिंकली. त्याच वर्षापासून टीम जेको या ऑस्ट्रेलियन वर्ल्ड टूर टीमशी जोडली गेली.

आणि हे पुतण्याला नक्की सांग: २०१७ मध्ये या टीमचा चॅड यंग, वय २१, अमेरिकेतल्या टूर ऑफ द गिला शर्यतीत उतारावर पडला आणि गेला. घाट चढताना नाही, उतरताना सांभाळायचा.
— अप्पा

---

अप्पा, बठ्ठं वाचून दाखवलं. उताराचं ऐकून गप्प बसला. मग म्हणतो, "पन काका, कळन्यानी भाकर भेटस का तठे?"
— चाळीसगावकर