उत्तर: सोलापुरात क्रेफिश कुठं धरायचे?

वर एकांनी विचारलंय की भाचा इंग्लंडात क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्यावाला झिंग्यासारखा प्राणी) धरून खातो तर आपल्या सोलापुरात ते कुठं सापडतील. दादा, सापडणारच नाहीत, भारतात मूळचा क्रेफिशच नाही. इथं जे मिळतं ते म्हणजे झिंगे आणि ओढ्यातले खेकडे, आणि खरं सांगू का, रस्स्याला तेच लई भारी.

आता कायद्याचं. उजनीत किंवा हिप्परग्याच्या तलावात उठून जाळं टाकू नका, अशा तलावांचा मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सोसायटीकडं असतो, काठावरच्या मच्छीमाराला विचारलं की तो सांगतो कुणाची परवानगी लागेल ते. नान्नजला तर नादच करायचा नाही, माळढोकचं अभयारण्य आहे ते.

आम्ही मामाच्या शेतालगतच्या ओढ्यावर जायचो, पहिल्या पावसानंतर रात्री बॅटरी घेऊन. उजेड पडला की खेकडा जागीच थबकतो, मग मागून पाठीवर बोट दाबून धरायचा, समोरनं हात घातला की गेलं बोट (माझ्या अंगठ्यावर खूण आहे अजून). पोटाखाली पिल्लं घेतलेली मादी दिसली की मामा सोडून द्यायला लावायचा.

तुमचा भाचापण इंग्लंडात परवानगी काढूनच पिंजरा लावत असेल, तिथं एन्व्हायर्नमेंट एजन्सीची संमती लागते. आणि ॲक्वेरियमच्या दुकानातला लाल क्रेफिश आणून ओढ्यात सोडायची आयडिया कुणाच्या डोक्यात असेल तर प्लीज नको, बाहेरून आलेल्या चिलापी (तिलापिया) माशानं उजनीत गावठी माशांचं काय केलंय बघताय ना.