बारा तासांचा दिवस, दुप्पट दर आणि लेखी संमती: तुमचं मत काय?

तिसरी पाळी
सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ वरून १४४ तास. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. माझा आक्षेप या संमतीवरच आहे. रुजू होताना ज्या गठ्ठ्यावर सह्या घेतात, त्यातच हाही कागद येणार. नको म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात कोणती पाळी मिळते, हे मी सतरा वर्षं बघतोय. बारा तास प्रेस मशीनवर उभं राहिल्यावर शेवटच्या दोन तासांत हात कुठे जातोय याचं भान राहत नाही. ही वाढ व्हायलाच नको होती.

छोटा कारखानदार
माझ्याकडे तीसेक माणसं आहेत. ऑर्डर कधी सारखी येत नाही. आठ दिवस मशीन बंद, मग दहा दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. आजवर काय चालायचं तेही बोला. मर्यादेबाहेरचे तास मस्टरवर चढायचेच नाहीत आणि पैसे व्हाउचरवर, सिंगल रेटने. तास कायद्यात बसले की डबल द्यावंच लागेल. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, म्हणजे पगाराचे जुने कायदे एकत्र करणारा नवा कायदा, लागू झाली. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना द्यायची रक्कम, वेतनावरच मोजतात. म्हणजे तिचा बोजा वाढला. आमची बिलं मोठे ग्राहक महिनोन् महिने अडकवतात, पगार मात्र ७ तारखेच्या आत झालाच पाहिजे. ओझं सगळं आमच्याच डोक्यावर का?

लेबर कोर्टातली
कारखानदारसाहेब, ग्रॅच्युइटीचं पटलं. पण ओव्हरटाइमचं गणित उलटंही जाऊ शकतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात दुप्पट दर मोजायचा तो मूळ पगार अधिक भत्ते धरून. नव्या व्याख्येत घरभाडं आणि प्रवासभत्ता वेतनाबाहेर आहेत. ज्याचा मूळ पगार आधीच निम्म्याहून जास्त आहे, त्याचं ‘डबल’ उलट कमी भरेल. माझ्या मते कामगार संघटनांनी तासांइतकंच याच्यावरही भांडायला हवं.

आणि तिसरी पाळी, या संहितेत तुमच्या बाजूचंही काही आहे. पैसे थकल्याचा दावा केलात, तर ते दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. दाव्याची मुदत ३ वर्षं. किमान वेतन कायद्यात ती अवघी ६ महिने होती. नोकरीत असेपर्यंत तोंड उघडायची सोय नसते. त्यामुळे सहा महिन्यांची मुदत हातातून निसटून गेलेली किती माणसं माझ्यासमोर बसून रडली आहेत!

कंत्राटी
आमच्या गेटवर दर वर्षी कंत्राटदाराचं नाव बदलतं, माणसं तीच. मागचा दोन महिन्यांचा ओव्हरटाइम बुडवून तो गेला. कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही.

लेबर कोर्टातली
संबंध आहे. कंत्राटदाराने वेतन दिलं नाही तर जबाबदारी कंपनीवर येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं. दावा लावा, थांबू नका.

तिसरी पाळी
पण अंमलबजावणी कोण करणार? कामगार निरीक्षकाचा आता ‘सुलभकर्ता’ही झाला, म्हणजे तपासायचं आणि मालकाला नियम पाळायला मदतही करायची. खटला भरण्याआधी मालकाला चूक सुधारायची संधी द्यायची.

छोटा कारखानदार
ती एकदाच आहे. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा केली तर संधी नाही. एवढी सवलत नको का, नियम रोज बदलत असताना?

तिसरी पाळी
चुकून राहिलं तर जरूर द्या. पण सिंगल रेटचं व्हाउचर कुणी चुकून फाडत नाही. उद्यापासून पंचिंगच्या वेळा मी स्वतःच्या वहीत लिहून ठेवणार, हे या चर्चेतून मिळालं. १४४ तासांना विरोध मात्र कायम.