नव्या विणीच्या टॉवेलसाठी पहिले गिऱ्हाईक कुठे शोधावे?

प्रश्न : ताणाबाणा (अक्कलकोट रोड, सोलापूर)

नमस्कार. आमचा यंत्रमागाचा कारखाना अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत असून वडिलांच्या काळापासून आम्ही टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणत आलो आहोत. हा माल व्यापाऱ्याकडे जातो, त्याच्या शिक्क्याने बाहेरगावी पोहोचतो आणि पुढे तो कोणी वापरला, कसा टिकला, हे आमच्यापर्यंत कधीच येत नाही. सुताचे भाव चढले की मार्जिन आणखी बारीक होते. त्यामुळे स्वतःच्या नावावर विकता येईल असे एखादे वेगळे उत्पादन काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

गेल्या वर्षी आम्ही डॉबीच्या, म्हणजे विणीतच नक्षी काढता येते अशा मागांवर वॉफल विणीचा टॉवेल काढला. त्याला टेरीसारखे लूप नसतात. मधाच्या पोळ्यासारखे लहान लहान चौकोनी खळगे विणीतच पडतात. टेरीचा चांगला टॉवेल चौरस मीटरला चारशे-पाचशे ग्रॅम भरतो, आमचा अडीचशेच्या आसपास भरतो. तो पिळायला सोपा आहे, पावसाळ्यातही लवकर वाळतो आणि प्रवासाच्या पिशवीत कमी जागा घेतो.

शहरातील काही दुकानांत माल ठेवला, त्यातला बराचसा ‘उठाव नाही’ एवढ्याच शब्दांत परत आला. एका ऑनलाइन बाजारपेठेत नोंदणी केली. तिथे काही नग गेले, परंतु ‘सांगितल्यापेक्षा लहान निघाला’ आणि ‘पाणी नीट टिपत नाही’ असे शेरे पडले आणि परतीचा खर्च आमच्याच अंगावर आला. आषाढी वारीत वाखरीच्या वाटेवर मात्र माल चांगला खपला. पण घेणारे पालखीबरोबर पुढे निघून गेले आणि त्यांना तो कसा वाटला, हे विचारायला कोणी उरले नाही.

घरातील थोरल्यांचे म्हणणे आहे की हे माग पुन्हा मागणीच्या मालाला लावावेत. मला अजून उमेद आहे. फक्त पुढचे पाऊल कुठे टाकावे, हे समजत नाही. जाहिरातीवर खर्च करावा, की आणखी दुकाने गाठावीत, की नमुना बदलावा? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : नवी पेठेतील दुकानदार

आपला प्रश्न वाचला. ‘उठाव नाही’ या उत्तरामागे काय असते, ते दुकानदाराच्या बाजूने सांगतो. आमच्याकडे परतीच्या बोलीवर ठेवलेल्या मालात आमचा पैसा गुंतलेला नसतो, त्यामुळे तो कोणत्या फळीवर आहे याकडेही फारसे लक्ष जात नाही. गिऱ्हाइकाने टॉवेल मागितला की हात आपसूक रोजच्या खपाच्या गठ्ठ्याकडे जातो. आपला टॉवेल किती जणांनी पाहिला, किती जणांनी उलगडला आणि किती जणांनी भाव विचारून ठेवून दिला, याचा हिशोब कोणत्याही दुकानात ठेवला जात नाही. तेव्हा दुकानांतून परत आलेल्या मालावरून लोकांना तो आवडला नाही, असा निष्कर्ष काढू नये. लोकांनी तो पाहिलाच नसण्याची शक्यता जास्त आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या गावाला टॉवेल हाताने तोलून घ्यायची सवय आहे. घाऊक व्यवहारातही कितीतरी ठिकाणी भाव वजनावर ठरतो, त्यामुळे जड म्हणजे चांगला, हे समीकरण विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही डोक्यात पक्के बसलेले आहे. हलका टॉवेल हातात आला की गिऱ्हाईक काही न बोलता तो खाली ठेवते. फळीवर घडी घालून ठेवलेल्या कापडाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. तो ओला करून, पिळून, वाळवून दाखवावा लागतो आणि एवढी सवड दुकानात कोणालाच नसते. माझ्या मते हा माल सुरुवातीला दुकानात ठेवण्याचा नाहीच. पुढे लोक नाव घेऊन मागू लागले, तर आम्हीच रोखीने उचलू.

उत्तर : रंगणी विभाग

मी रंगणी आणि फिनिशिंगच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. जाहिरातीचा विचार करण्याआधी त्या दोन शेऱ्यांकडे गांभीर्याने पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ते दोन्ही शेरे खरे आहेत आणि दोन्हींचे कारण आपल्या कारखान्यातच सापडेल.

प्रथम ‘लहान निघाला’ हा शेरा. वॉफल विणीत ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे, असे दोन्ही धागे मागावर ताणलेले असतात. पहिल्यांदा पाण्यात पडले की ते मोकळे होतात, खळगे खोल होतात आणि कापड दोन्ही बाजूंनी आत ओढले जाते. साध्या विणीपेक्षा ही वीण बरीच जास्त आटते. दहा टक्के आटणे धरले, तरी तीस बाय साठ इंचाचा टॉवेल सत्तावीस बाय चोपन्नवर येतो आणि तो कमरेला नीट गुंडाळता येत नाही. आपण विकताना मागावरचे माप सांगितले असेल, तर गिऱ्हाइकाची तक्रार रास्त आहे. यावर उपाय असा की टॉवेल धुऊन, आटवून मगच शिवणीला द्यावा आणि लेबलावर धुतल्यानंतरचे माप छापावे. त्यासाठी मागावर पन्हा आणि लांबी वाढवून घ्यावी लागेल आणि सूत थोडे जास्त जाईल. तो खर्च किमतीत धरावा, पण माप कमी देऊ नये. आटल्यावर खळगे उठून दिसतात आणि कापड हाताला भरीव लागते, हा फायदा वेगळाच.

आता पाणी न टिपण्याचे कारण. ताण्याला दिलेली खळ पूर्णपणे निघाली नाही, तर सुतावर तिचा थर राहतो आणि पाणी वरून ओघळते. त्याहून नेहमीचे कारण म्हणजे सॉफ्टनर. सिलिकॉन सॉफ्टनर दिला की कापड हाताला गुळगुळीत लागते, दुकानात छान वाटते, पण तोच सॉफ्टनर जास्त झाला की धाग्यात पाणी शिरू देत नाही. हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. कोरडा टॉवेल वाटीच्या तोंडावर सैलसर ताणून बसवावा, ड्रॉपरने बोटभर उंचीवरून पाण्याचा एक थेंब सोडावा आणि थेंबाची चमक नाहीशी होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. चांगल्या टॉवेलवर थेंब पडताच पसरून जिरतो. तो मण्यासारखा उभा राहिला, तर त्या लॉटचा एकही नग बाहेर जाऊ देऊ नये. हीच चाचणी एकदा धुऊन आणि पाच वेळा धुऊन पुन्हा करावी. धुण्याने सुधारणा होत गेली, तर दोष वरच्या फिनिशचा आहे हे निश्चित होते.

गडद रंग काढले असतील, तर आणखी एक पाहावे. रिअॅक्टिव्ह रंगातील जो भाग सुताला धरत नाही, तो गरम पाण्याच्या धुण्यातून काढून टाकावा लागतो. बोअरचे जड पाणी वापरले तर तो नीट निघत नाही आणि पुढे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कपड्यांवर उतरतो. या सगळ्याची खात्री होईपर्यंत पांढरा, मळकट पांढरा आणि एखादा फिकट रंग एवढ्यावरच थांबणे शहाणपणाचे ठरेल.

उत्तर : कडक भाकरी, मंगळवेढा

दादा, माझा धंदा वेगळा आहे, पण अडचण ओळखीची वाटली म्हणून लिहीत आहे. आमचा बचत गट ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करतो. सुरुवातीला आम्हीही प्रदर्शनांत विकत होतो. तिथे गल्ला भरायचा, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा आले की नाही, ते समजायचे नाही. पुढे पुण्यात नोकरी करणाऱ्या सोलापूरकडच्या ओळखीच्या घरांना दर महिन्याला पाकिटे पाठवू लागलो आणि मग खरे काय ते कळू लागले. पावसाळ्यात भाकरी सादळते, खालच्या भाकरीचे तुकडे होतात, चटणीचे तेल पाकिटाला लागते, हे त्या घरांतल्या बायकांनी सांगितले; प्रदर्शनात कोणीही सांगितले नव्हते.

आम्ही एक साधी वही ठेवली आहे. घराचे नाव, काय घेतले, पुढच्या महिन्यात मागितले की नाही आणि मागितले नसेल तर फोन करून मिळालेले उत्तर, असे चार रकाने त्यात आहेत. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचे, आपल्या मनाने अर्थ लावून लिहायचे नाही, असा आमचा दंडक आहे. कोणी ‘छान आहे’ म्हटले, तर ते वहीत लिहीतच नाही. पुन्हा पैसे देऊन मागवले, तर लिहितो. आणखी एक सांगते, नातेवाइकांना आणि ओळखीच्यांना फुकट देऊन मत विचारू नका. फुकटच्या वस्तूला कोणी नावे ठेवत नाही. किंमत थोडी कमी घ्या, पण घ्या.

उत्तर : वाणिज्य शाखा

वरील तिन्ही उत्तरे मोलाची आहेत. मी त्यात एवढीच भर घालतो की पहिले गिऱ्हाईक निवडताना ते किती माल घेईल, यापेक्षा त्याचा अनुभव आपल्याला किती लवकर समजेल, हा निकष लावावा. घरगुती गिऱ्हाईक एक टॉवेल घेते आणि तो आठवड्यातून एक-दोनदा धुते. त्याचे खरे मत तयार व्हायला वर्ष लागेल. याउलट केशकर्तनालय, ब्युटी पार्लर, फिजिओथेरपीचे दवाखाने आणि वसतिगृहाला लागून असलेल्या लॉन्ड्री येथे टॉवेल रोज धुतला जातो. घरात वर्षभरात जेवढी धुणी होतात, तेवढी तिथे दोन-तीन महिन्यांत होऊन जातात. शिवाय त्यांची अडचण रोकडी आहे. पावसाळ्यात टेरीचे टॉवेल दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत, त्यांना वास येतो आणि म्हणून जास्तीचे टॉवेल बाळगावे लागतात. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे वेगळे सांगायला नको. हलक्या कापडाला धुण्यासाठी पाणी कमी लागते, ही गोष्ट सोलापुरातल्या सलूनवाल्याला एका वाक्यात पटेल. सात रस्ता, जुळे सोलापूर, होटगी रोड या भागांतील मोजक्या ठिकाणी माल द्यावा, पण उधारीवर किंवा परतीच्या बोलीवर देऊ नये. दर आठवड्याला स्वतः जाऊन वापरलेला टॉवेल हातात घेऊन पाहावा, काठ उसवला आहे का, रंग उडाला आहे का, माप किती राहिले आहे, हे नोंदवावे.

लोकांच्या मनातील वजनाच्या समजुतीविषयी एक दाखला द्यावासा वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते आणि सुरुवातीचे नांगर खपायला फार काळ लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या टप्प्यानंतर. नांगराचा उपयोग शेतात दिसला, तेव्हा शंका मावळली. आपल्या बाबतीत मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. ‘हलका म्हणजे हलक्या प्रतीचा’ ही समजूत आहे, ती वापर दाखवून दूर होईल. ‘लहान निघाला, पाणी टिपत नाही’ हा दोष आहे, तो वस्तू सुधारूनच जाईल. या दोहोंची गल्लत झाली, तर चांगल्या वस्तूची वीण आपण विनाकारण बदलू किंवा सदोष वस्तूवर जाहिरातीचा पैसा घालवू.

उत्तर : गड्ड्याचा स्टॉल

मी किंचित वेगळे मत मांडतो. सलून आणि दवाखाने जरूर धरावेत, पण थेट लोकांसमोर उभे राहणे सोडू नये. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, जी गर्दी होते, ती बहुतांशी आपल्याच शहरातली आणि जिल्ह्यातली असते. वारीतले गिऱ्हाईक पुढच्या मुक्कामाला जाते, हे गिऱ्हाईक पुन्हा भेटू शकते. स्टॉलवर पाण्याची बादली ठेवा, एक टेरीचा आणि एक आपला असे दोन टॉवेल एकाच वेळी भिजवून, पिळून दोरीवर टाका आणि लोकांना हात लावून पाहू द्या. घेणाऱ्याचा फोन नंबर त्याच्या परवानगीने लिहून घ्या आणि महिन्याने विचारा. मात्र ‘रंगणी विभाग’ यांनी सांगितलेले दोष निघाल्याशिवाय तिथे जाऊ नका. आपल्याच गावात नाव खराब झाले, तर ते निस्तरणे फार कठीण जाते.

प्रश्नकर्ता : ताणाबाणा

सर्वांचे मनापासून आभार. काल शिलकीतले टॉवेल काढून थेंबाची चाचणी केली. सॉफ्टनर दिलेल्या लॉटवर थेंब तसाच उभा राहिला आणि न दिलेल्या नमुन्यावर लगेच जिरला. माप घेतले, तर धुतल्यानंतर लांबीत सांगितल्यापेक्षा बरीच घट निघाली. घरात हे सगळ्यांसमोर करून दाखवले. काकांनी स्वतः ड्रॉपर हातात घेऊन पुन्हा पाहिले आणि नव्या मापाचे एक बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला मागाचा रूळ) भरायला संमती दिली. दुकाने आणि ऑनलाइन विक्री तूर्त थांबवत आहे. विजापूर रोडवरील एका सलूनच्या मालकाशी बोलणे झाले असून ते रोखीने माल घ्यायला तयार आहेत.

एक शंका उरते. शिल्लक असलेल्या जुन्या लॉटचे काय करावे? तो स्वस्तात काढून टाकावा का?

उत्तर : रंगणी विभाग

आपल्या नावाच्या लेबलासह तो मुळीच विकू नये. सॉफ्टनर काढण्यासाठी एकदा गरम पाण्यात साबण-सोड्याचे धुणे करून पाहावे. सगळे सिलिकॉन त्याने निघेल याची खात्री नसते, म्हणून आधी थोडेच नग धुऊन थेंबाची चाचणी घ्यावी. चाचणीत उतरलेले टॉवेल आटलेल्या मापाला कापून, काठ शिवून सलूनसाठी लहान हात-नॅपकिन करावेत आणि लेबलावर तेच माप लिहावे. जे उतरणार नाहीत, ते लेबल काढून कारखान्यांना पुसणीच्या कापडाच्या भावात द्यावेत. नव्या बीमचा पहिला टॉवेल मागावरून उतरला की शिवण्याआधी त्याचे माप आणि वजन लिहून ठेवावे, पाच वेळा धुऊन पुन्हा घ्यावे आणि ते आकडे इथे कळवावेत. पन्हा आणखी किती वाढवायचा, ते त्यावरून सांगता येईल.