‘स्प्रिंग बसली’ म्हणजे चांगलं की वाईट?

तेराचा_पाना:
मंडळी, जुन्या गाड्या स्वतःच्या हाताने सांभाळणाऱ्या मित्रांसाठी एक मराठी टिपण लिहितोय. विषय: प्रीमियर पद्मिनीच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा (व्हॉल्व्ह मिटवून धरणाऱ्या) हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, न उतरवता घरी बदलणे. कच्चा मजकूर असा (कॉटर म्हणजे स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवून ठेवणाऱ्या दोन छोट्या पाचरी):

‘स्प्रिंग बसली असेल तर काढून नवी बसवा. नवी नीट बसली की कॉटर बसवा. कॉटर बसले नाहीत तर इंजिन बसेल.’

बायकोने वाचलं आणि विचारलं, “बसणं चांगलं की वाईट, ते एकदा ठरव.” शिवाय एका मित्राचा आग्रह आहे की ‘व्हॉल्व्ह स्प्रिंग’ ऐवजी ‘झडपेची कमान’ लिहावं. काय करू?

मृण्मयी:
वहिनींचा प्रश्न रास्त आहे. ‘बसणे’चे दोन गोतावळे आहेत. एक खाली जाण्याचा, ताकद संपण्याचा: आवाज बसला, गाल बसले, पावसात भिंत बसली. दुसरा जागच्या जागी पक्कं होण्याचा: घडी बसली, जम बसला, हात बसला. (‘फटका बसला’ हा तिसराच. गाडीच्या बिलाशी त्याचा संबंध असेल, टिपणाशी नाही.)

ओळखायची खूण व्याकरणातच आहे. चांगल्या अर्थाचं प्रयोजक रूप होतं: घडी बसवली, स्प्रिंग बसवली. वाईट अर्थाचं सहसा होत नाही. आवाज कोणी बसवत नाही, तो आपला आपण बसतो. ‘धंदा बसवला’ला मात्र दोन्ही अर्थ चालतात, पण ते माणसावर अवलंबून. तेव्हा जिथे वाचकाने काही करायचं आहे तिथे ‘बसवा’ राहू द्या आणि जिथे वस्तू आपोआप बिघडली तिथे दुसरा शब्द शोधा.

करवीरचा_गडी:
आमचं गॅरेज कोल्हापुरात, वडलांपास्नं. तिथं ‘स्प्रिंग बसली’ म्हटल्यावर कुणाचा घोळ होत नाही, कारण म्हणणाऱ्याच्या हातात ती स्प्रिंग असते. कागदावर घोळ होणार हे मान्य. आम्ही ‘मेली’ आणि ‘ढिली पडली’पण म्हणतो. तुम्ही ‘दबली’ लिहा. नेमकं तेच झालेलं असतं. इंजिन ४००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ४००० फेऱ्यांवर असलं तर प्रत्येक वॉल (तुमचा व्हॉल्व्ह) दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला २००० वेळा उघडतो, त्यात वर गरमी. मग स्प्रिंगची उंची कमी होते नि जोर जातो. जोर गेला की जास्त आरपीएमला वॉल कॅमच्या (त्याला उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याच्या) मागे राहतो, वेळेवर मिटत नाही आणि गाडी वरच्या वेगात दम सोडते.

दबली का नाही हे बघायचं सोपं आहे. सपाट काचेवर जुनी नि नवी शेजारी उभी करा, उंचीतला फरक दिसतो. मग गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) लावा. स्प्रिंग एका अंगाला कलली असेल तर उंची बरोबर असली तरी ती टाकूनच द्यायची.

आणि हो, ‘व्हॉल्व्ह’ कशाला? ‘वॉल’ लिहा की ओ. सायकलची वॉलट्यूब काय आज आली काय?

मृण्मयी:
‘दबली’ उत्तम. ‘वॉल’ बोलण्यात गोड आहे, पण लेखी ‘वॉल’ वाचून शहरातल्या पोरांना भिंत आठवेल, आणि ती भिंत वरच बसलेली आहे.

नारायणपेठी:
‘झडप’वर एवढं नाक मुरडू नका. हृदयाची झडप सगळे म्हणतात, वर्तमानपत्रंही छापतात. माझी तक्रार ‘कमान’बद्दल आहे. हा फारसी शब्द, मूळ अर्थ धनुष्य. घड्याळाची कमान मराठीत चांगली रुळली होती, कारण ती पट्टीची असे, गुंडाळलेली. पण मळसूत्री स्प्रिंगला कमान म्हटलं तर डोळ्यांपुढे वाड्याचा दरवाजाच येतो. ट्रकखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगला तरी कोण कमान म्हणतं? ‘पाटे तुटले’ म्हणतात. तेव्हा ‘स्प्रिंग’च लिहा. ती स्त्रीलिंगी झाली, तिचं ‘स्प्रिंगा’ असं अनेकवचन झालं, म्हणजे ती घरचीच झाली.

तेराचा_पाना:
ठरलं: स्प्रिंग, व्हॉल्व्ह, आणि बिघडली तर ‘दबली’. आता क्रियापदांकडे वळतो. सगळीकडे ‘काढा’ लिहिलं होतं, ते कंटाळवाणं वाटतंय.

करवीरचा_गडी:
गॅरेजमध्ये प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद आहे, ते वापरा. नट खोलतात, हेड उतरवतात, व्हॉल्व्ह घासतात, टॅपेट लावतात (म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवतात), इंजिन बांधतात. ‘इंजिन बांधलं’ म्हटलं की ते पुरतं खोललेलं होतं हे वेगळं सांगायला लागत नाही.

मृण्मयी:
‘बांधणे’ वाचून मजा वाटली. घर, पूल, इंजिन, सगळं बांधतात.

तेराचा_पाना:
सुधारलेला मजकूर टाकतोय, बघा:

‘टॅपेट कव्हर उघडा. रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) उतरवा, पुशरॉड (रॉकरांना खालून ढकलणाऱ्या काड्या) क्रमाने ठेवा. आता आठही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत. प्लग खोला. ज्या सिलेंडरचं काम आहे त्याचा पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडा. सुती नको, तिचे धागे सुटतात. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकला. पिस्टन वर येईल, दोरी व्हॉल्व्हला खालून टेकेल (म्हणजे स्प्रिंग काढल्यावर तो आत पडणार नाही) आणि गाडी अडेल. तिथेच हँडब्रेक ओढा. तेलाच्या वाटा चिंध्यांनी बुजवा. स्प्रिंगवरच्या टोपीवर सॉकेट ठेवून हलकी टिचकी मारा, कॉटर सैल होतील. हत्याराने स्प्रिंग दाबा आणि दोन्ही कॉटर चुंबकाने उचला. नवी स्प्रिंग बसवा. कॉटर ग्रीसने व्हॉल्व्हच्या दांड्याला चिकटवा आणि दाब हळूच सोडा. शेवटी दांड्यावर प्लास्टिकची हातोडी हलकेच मारून दोन्ही कॉटर खाचेत बसल्याची खात्री करा. सगळं झालं की रॉकर शाफ्ट चढवून टॅपेट लावा.’

नारायणपेठी:
झकास. ‘टिचकी’ विशेष आवडली, किती जोर लावायचा ते शब्दातच आलं. ‘हलकी’ खोडा, टिचकी हलकीच असते.

करवीरचा_गडी:
टिचकीनं कॉटर सुटत नसतात ओ, जरा ठोकायला लागतंय. ‘हातोडीचा एक फटका’ लिहा. दोन्ही कॉटर बसल्याचं लिहिलंत ते बरं केलंत. एक जरी अर्धवट बसला तर चालू इंजिनात निसटतो नि व्हॉल्व्ह खाली पिस्टनवर पडतो.

मृण्मयी:
म्हणजे ‘फटका’ शेवटी टिपणात आलाच!

करवीरचा_गडी:
आला. पण दोरीचं एक टोक बाहेर धरून ठेवायचं नि काम झाल्यावर गाडी जरा मागं ढकलून ती ओढून घ्यायची, हे कुठं लिहिलंय?

तेराचा_पाना:
लिहितो.