पाच महिन्यांचं बाळ, रजा संपत आली: पाळणाघर, मावशी की आजी? सल्ला हवा

वाकडवाली
नमस्कार मंडळी. मुलगी पाच महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यात ऑफिसला रुजू व्हायचंय. नवरा शिफ्टमध्ये. आई नाही. सासूबाई जळगावला असतात, सासऱ्यांचं डायलिसिस सुरू आहे, त्यामुळे त्यांना इकडे या म्हणणं बरोबर नाही. बाळंतपण इथेच केलं. मालिशवाल्या मावशी दीड महिना येत होत्या, त्या गेल्यापासून दिवसभर आम्ही दोघीच.

पर्याय तीन दिसतात. सोसायटीजवळ एक चकचकीत डे-केअर आहे, मोबाईलवर कॅमेरा बघता येतो. दोन गल्ल्या सोडून एक काकू घरातच चार-पाच मुलं सांभाळतात. नाहीतर घरी पूर्णवेळ मावशी ठेवायच्या. तिघांचेही गुण-दोष वाचून डोकं भणभणलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: निवडताना नेमकं काय बघितलंत?

दोघांची_आई
बघायला गेलं की सगळे खेळणी, रंगवलेल्या भिंती आणि कॅमेरे दाखवतात. तुम्ही एकच विचारा: बाळाला ताप आला तर काय करता? कोणाला फोन करता, किती वेळात घेऊन जायला लावता, तोवर बाळ कुठे झोपवता, औषध देता का, दिलंत तर कोणाच्या लेखी चिठ्ठीवर? इथे अडखळले तर उठून बाहेर पडा.

पहिलं वर्ष पाळणाघरात मुलं सारखी आजारी पडतात. सर्दी, जुलाब, डोळे येणं, हात-पाय-तोंडावरचे फोड. चांगलं पाळणाघर अशा मुलाला घरी ठेवायला सांगतंच, तसं सांगायलाच हवं. मग त्या दिवशी बाळ कोणाकडे? म्हणजे पाळणाघर ठरवून निम्मंच काम होतं. आजारपणाच्या दिवसांसाठी दुसरं माणूस आधी शोधा. आमच्याकडे ते माणूस म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. ओळख होती, पण हे विचारायला मला फार जड गेलं होतं. त्यांना आनंदच झाला.

घरचं_पाळणाघर
अगं बाई, मी कोथरूडला घरीच मुलं सांभाळते, तेव्हा माझं थोडं पक्षपाती समज.

कुठेही जा, पण न सांगता जा. दुपारी एकच्या सुमाराला. तेव्हा जेवणं आटपून मुलं झोपायच्या बेतात असतात, सगळ्यांची रडारड असते, बायका दमलेल्या असतात. त्या वेळी मुलांशी कशा बोलतात ते कान देऊन ऐक. दारात अडवलं आणि "फोन करून या" म्हणाले तर समज.

एकेका बाईकडे किती तान्ही आहेत ते मोज. रांगणारी आणि पळणारी मुलं एकाच खोलीत असतील तर तान्ह्याला कठडा किंवा वेगळा कोपरा हवाच. माझ्याकडे तान्ही दोनच घेते, तिसरीला नाही म्हणते, कितीही ओळख असली तरी. लंगोट बदलल्यावर बाई हात धुते का आणि कुठे धुते, ते बघ. भांडी घासायच्या सिंकमध्ये धूत असेल तर नको. बाळाला पाठीवर झोपवतात का? पाळण्यात मऊ उशा, दुलया कोंबल्या असतील तर सांगून काढायला लाव.

आणि वही. माझ्याकडे फ्रिजला दोरीने वही बांधलेली असते. कोण किती वाजता किती दूध प्यायलं, शी-शू, किती झोपलं, कुठे आपटलं. संध्याकाळी आई आली की आधी ती पान वाचते, मग बाळ उचलते. बाटल्यांच्या झाकणांवर प्रत्येकीच्या रंगाची नेलपॉलिश, म्हणजे अदलाबदल होत नाही.

कॅमेऱ्याचं मला पटत नाही. आई मीटिंगमध्ये बसून तिकडे बघत बसते, बाळ दोन मिनिटं रडलं की फोन येतो, मी बाळ सोडून फोन घेते. त्यापेक्षा माझं दार उघडं आहे, कधीही ये.

शंकासूर
काकू, दार उघडं ठेवणाऱ्या सगळ्या नसतात ना. बोलता न येणाऱ्या मुलासाठी कॅमेरा हवाच. मला फुटेज बघूनच कळलं होतं की दुपारभर टीव्ही लावून ठेवतात. जागा बदलली.

घरचं_पाळणाघर
बरोबर केलंस. टीव्ही लावून मुलं सांभाळायची असतील तर बाई कशाला हवी.

कलमबहाद्दर
कायद्याचं थोडं. २६ आठवडे पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. ही संख्या एकूण कर्मचाऱ्यांची आहे, फक्त बायकांची नाही. एचआर इथे हमखास गफलत करतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. शिवाय मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोन विश्रांती. रजेनंतर घरून काम करायची मुभा मात्र कामाच्या स्वरूपावर आणि दोघांच्या संमतीवर आहे, तो हक्क म्हणून मागता येत नाही.

ईमेल करा. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं.

वाकडवाली
केला ईमेल. उत्तर आलं की "टाय-अप आहे". कुठे, तर ऑफिसच्या विरुद्ध टोकाला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये चार वेळा जायचं म्हणजे दिवस तिकडेच.

कलमबहाद्दर
मग हेच अंतर आणि लागणारा वेळ लिहून दुसरा ईमेल. एकट्या लिहू नका, ऑफिसात लहान मुलं असलेले जितके आईबाप आहेत त्यांच्या सह्या घ्या. बाबांच्याही.

नाशिकचे_आजोबा
धाग्याच्या शीर्षकात आजी आहे म्हणून लिहितो. आम्ही दोघं नातवाला सांभाळायला नाशिक सोडून तीन वर्षं ठाण्यात राहिलो. नातवाचं सुख मिळालं, खोटं कशाला बोलू. पण हिचे गुडघे तिथेच गेले. आमचं भजनी मंडळ, सकाळचा कट्टा, फॅमिली डॉक्टर, सगळं सुटलं. मुलगा-सून आठला बाहेर पडायचे, रात्री आठला परत. सुट्टीच्या दिवशी त्यांना "थोडा आराम" हवा असायचा. आमची सुट्टी कधी, हे कोणी विचारलं नाही.

तुम्ही सासूबाईंना बोलावत नाही आहात हे वाचून बरं वाटलं. ज्यांच्याकडे आजी-आजोबा येणार आहेत त्यांनी तास ठरवा, आठवड्यातून एक दिवस पूर्ण मोकळा द्या आणि वरकामाला बाई ठेवा. आजीने नातवाला सांभाळायचं आणि वर पोळ्याही लाटायच्या, हे चालणार नाही.

स्पष्टवक्ता
वर्षभर नोकरी सोडावी असं माझं मत. पैसा काय परत मिळतो, बाळाचं पहिलं वर्ष परत येत नाही.

दोघांची_आई
हा सल्ला बाळाच्या बाबांनाही द्याल ना? प्रश्न सांभाळायचं कसं हा आहे. नोकरी करू का, असं त्यांनी विचारलेलं नाही.

सेविका_ताई
मी सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. शहरातल्या शिकलेल्या आयांना वाटतं अंगणवाडी आपली नाही. ताई, ती जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांची आहे. पुढे गाव असो की वस्ती, नोंद तेवढी करून ठेवा. दर महिन्याला वजन होतं, लसीकरणाची आठवण राहते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा शिधा मिळतो, तीन ते सहावाल्यांना तिथेच गरम जेवण आणि खेळ-गाणी. आता सहा महिने पूर्ण झाले की वरचं सुरू कराल, तेव्हा नुसतं वरणाचं पाणी देऊ नका. घट्ट वरण-भात कुस्करून, नाचणीची खीर, वर अर्धा चमचा तूप. वर्षाच्या आत मध, मीठ, साखर नको. पालक मेळाव्याला बाबांनाही घेऊन या. आमच्याकडे बाबा आले की आया हसतात, पण पुढच्या वेळी तेच बाबा आधी हजर असतात.

एक मात्र खरं, दिवसभराचं पाळणाघर म्हणून अंगणवाडी उपयोगाची नाही. आमचे तास थोडे. केंद्राच्या पाळणा योजनेत काही ठिकाणी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडतात. तुमच्या भागात आहे का ते बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा.

जुना_वाचक
अवांतर: अंगणवाडी हा शब्द ताराबाई मोडकांनी दिलेला. १९४५ मध्ये त्यांनी डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना पुष्कळ नंतर आली, २ ऑक्टोबर १९७५ ला. असो, धागा भरकटायला नको.

म्युनिककर
इथे जर्मनीत २०१३ पासून एक वर्षावरच्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. ऐकायला छान. प्रत्यक्षात म्युनिकमध्ये बायका पोटुशी असतानाच यादीत नाव घालतात, तेव्हा तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे: बाळ रुळवण्याची पद्धत. सुरुवातीचे काही दिवस आई किंवा बाबा खोलीतच बसून राहतात, काही करत नाहीत. मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, मग एक झोप. सांभाळणाऱ्या बाईच्या कुशीत बाळ शांत व्हायला लागलं की मगच पूर्ण दिवस. माझ्या मुलाला दोन-तीन आठवडे लागले. त्यामुळे वाकडवाली, रुजू व्हायच्या दिवशी पहिल्यांदा सोडू नका. आत्ताच सुरू करा, आणि हे रुळवायचं काम नवऱ्याकडे द्या, शिफ्टचा तेवढा तरी फायदा.

चौथा_मजला
आमच्या सोसायटीत आम्ही चार घरांनी मिळून एक सोय केली आहे. रोजच्या सांभाळायची नाही, ते जमत नाही, अनुभव आहे. फक्त अडीनडीची. कोणाचं मूल आजारी, कोणाची मावशी दांडी, कोणाला उशीर. ग्रुपवर एक ओळ टाकायची, ज्याला शक्य तो घरून काम करत मूल बघतो किंवा पाळणाघरातून घेऊन येतो. पैशाचा संबंध नाही, पण वही आहे, कोणी किती वेळा केलं याची. वही नसेल तर दोन घरं राबतात आणि दोन घरं आभार मानतात. पाळणाघरात या चारही घरांची नावं, फोटो आणि फोन "मूल नेऊ शकतात" म्हणून लेखी दिले आहेत.

घरचं_पाळणाघर
+१. तो कागद नसेल तर मी सख्ख्या मामालाही मूल देत नाही. शिव्या खाल्ल्या आहेत त्यावरून.

बांधकाम_ताई
तिसरा पर्याय, मावशी, यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पोलीस पडताळणी, ओळखपत्र हे सगळे सांगतीलच. मी वेगळं विचारते: त्या मावशींचं स्वतःचं मूल दिवसभर कुठे असेल? सात-आठ वर्षांच्या मुलीवर तान्हं टाकून आलेली बाई सारखी फोनकडे बघणार, आणि त्यात तिची काही चूक नाही. तिच्या मुलासाठी जवळची अंगणवाडी, शाळा, दुपारचं कोणीतरी, हे तुम्ही तिच्यासोबत बसून लावून दिलंत तर ती टिकेल. पगारी रजा आणि आठवड्याची सुट्टीही ठरवा. मी बांधकामाच्या साइटवरच्या पाळणाघरात काम करते. १९६९ साली दिल्लीत मोबाईल क्रेश या संस्थेने हे काम सुरू केलं, पुढे मुंबई-पुण्यातही असं काम उभं राहिलं. ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायची, असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं. वाकडला टॉवर किती उभे राहतायत बघा आणि अशा खोल्या किती दिसतात तेही बघा.

दोघांची_आई
वाकडवाली, "दिवसभर आम्ही दोघीच" हे वाक्य मला खटकलंय. झोप लागते का? बाळ झोपल्यावरही? सारखं रडू येत असेल, काही नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलतात. पाळणाघर ठरेपर्यंत थांबू नका त्यासाठी.

वाकडवाली
झोपेचं बरोबर ओळखलंत. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, नवरा सोबत येतोय.

बाकी असं ठरतंय. दोन गल्ल्या सोडूनच्या काकूंकडे काल दुपारी न सांगता गेले. एक बाळ खांद्यावर, एक मांडीवर, आणि मला म्हणाल्या "बस गं, आधी याचा ढेकर काढू दे". तापाचा प्रश्न विचारला तर त्यांनीच मला उलट विचारलं, तुमच्याकडे दुसरं कोण आहे? काही उत्तर नव्हतं. संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत बोलले, एकीचा मुलगा दीड वर्षांचा आहे, ती लगेच हो म्हणाली. दुसरी विचार करून सांगते म्हणाली. सोमवारपासून नवरा बाळाला घेऊन काकूंकडे तासभर बसणार.

एक राहिलं. दूध काढून ठेवायचं तर उन्हाळ्यात किती वेळ टिकतं? काकूंकडे फ्रिज आहे पण जाईपर्यंतचं काय?

घरचं_पाळणाघर
बाहेर २५ अंशांपर्यंत चार तास धरतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो हिशेब विसर. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यातून ने, पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, आतल्या बाजूला. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. मायक्रोवेव्ह नको, गरम पाण्याच्या वाटीत बाटली ठेवायची. बाळाने उष्टं ठेवलेलं दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाकायचं, जीव तुटला तरी. थोडं थोडं भर, साठ-साठ मिली, म्हणजे वाया कमी जातं. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ. आणि तुझ्या झाकणांना कुठला रंग ते त्या काकूंना आधी विचार, लाल बहुतेक कोणीतरी घेतलेला असतो.