घरच्या सॉससाठी काळे टोमॅटो: कोणते वाण लावावेत?

परसबाग_करवीर
पास्ता-पिझ्झासाठी घरचा सॉस करायचा आहे. गोड केचप नको, नुसता दाट टोमॅटो सॉस, सात-आठ महिने पुरेल एवढा. कोल्हापुरात परसात काळ्या मातीत ३० रोपांची जागा आहे, ठिबक आहे, ऊन दुपारी चारपर्यंत. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, पॉल रॉबसन, जपानी ब्लॅक ट्रायफल, पर्पल रशियन, ब्लॅक चेरी, इंडिगो रोज एवढ्यांचं बी ऑनलाइन दिसतंय. सॉसला यातलं कुठलं घ्यावं? शिजल्यावर रंग काळसर राहतो का? आणि आपल्याकडच्या पावसाचा हिशोब धरून लागण कधी करावी?

गर_जास्त_बी_कमी
आधी रंगाचं, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम हे खरे काळे नव्हेतच. साधा टोमॅटो पिकताना त्यातलं हरितद्रव्य मोडून जातं. या वाणांत ते तसंच राहतं आणि त्यावर लायकोपीनचा लाल रंग चढतो. लाल आणि हिरवा मिळून तपकिरी. साल बिनरंगी असेल तर फळ जांभळट दिसतं, साल पिवळी असेल तर विटकरी-तपकिरी. शिजवायला लागलात की आंबटपणा आणि उष्णता मिळून हरितद्रव्याचा हिरवेपणा जातो आणि शेवाळी-तपकिरी रंग उरतो. म्हणून सॉस काळा होत नाही, जुन्या विटेच्या रंगाचा होतो, आपल्या कांदा-लसूण चटणीच्या जवळ जाणारा.

इंडिगो रोजचं प्रकरण वेगळं. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाने २०१२ मध्ये आणलेला हा वाण. त्याचा काळा-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तोही फक्त सालीत आणि ऊन लागलेल्या बाजूलाच. पानाआड राहिलेली बाजू आधी हिरवी, मग लाल. साल काढली की रंगही गेला. सॉससाठी तो यादीतून काढाच.

आता चव आणि गर. चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, पॉल रॉबसन ही मोठी, रसाळ, कापून खायची फळं. चव भरदार, पण पाणी फार आणि कप्प्यांत बी-बुळबुळीत रस भरपूर. नुसत्या त्यांचा सॉस करायचा तर तासन् तास आटवावं लागतं आणि तेवढ्या वेळात ज्या चवीसाठी ते लावले तीच उडून जाते. काळ्यांतले सॉसच्या कामाचे दोनच: पर्पल रशियन (लांबट, अंड्यासारखा, मूळचा युक्रेनचा) आणि जपानी ब्लॅक ट्रायफल (पेरूसारखा खाली फुगीर, नावात जपान असला तरी वाण रशियाकडचा). दोन्हींत गर घट्ट.

माझं मत स्पष्ट आहे: दाटपणा लाल लांबट टोमॅटोकडून घ्या, चव काळ्यांकडून. ३० रोपांत १८ रोमा किंवा सॅन मर्झानो, ८ पर्पल रशियन किंवा ट्रायफल, ४ चेरोकी पर्पल. सॉसला वजनाने दोन भाग लाल, एक भाग काळा.

सरी_वरंबा
लागणीचं सांगतो. हे जुने सरळ वाण आहेत, आपल्या संकरित वाणांसारखी रोगप्रतिकारशक्ती त्यांच्यात नाही. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसात लावलेत तर करपा रोग पहिल्या महिन्यातच खालची पानं खातो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये कोकोपीटवर बी टाका, २५ ते ३० दिवसांचं रोप ऑक्टोबरच्या सुरुवातीला, पाऊस ओसरताना, गादीवाफ्यावर लावा. काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून वाफा निदान एक फूट उंच हवा. फळ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत येईल. उशीर करून मार्चमध्ये नेलंत तर दिवसाचं तापमान ३५ अंशांवर चढलं की फूल गळतं, फळ धरत नाही.

रोमा सोडला तर वर दिलेले सगळे वेलासारखे वाढत जाणारे वाण. दोन रोपांत दोन फूट अंतर, सहा फुटी बांबू, सुतळीने बांधणी, आणि बगलफूट (पानाच्या बेचक्यातून येणारी फूट) दर आठवड्याला काढायची. पहिल्या घोसाखालची पानं काढून टाका, म्हणजे मातीचे शिंतोडे पानांवर बसत नाहीत. पांढऱ्या माशीमुळे पर्णगुच्छ हा पानं आखडण्याचा विषाणूरोग येतो. त्यासाठी पिवळे चिकट सापळे लागणीच्या दिवसापासूनच लावा, माशी दिसल्यावर नव्हे. पानं आखडून गोळा झालेलं रोप उपटून टाका, ते सुधारत नाही.

पाण्याचा नेम मोडू नका. चार दिवस कोरडं ठेवून एकदम ठिबक सोडलं की दोन गोष्टी होतात. ब्लॅक क्रिमसारखी पातळ सालीची फळं देठाजवळ गोल तडकतात आणि लांबट फळांचं बूड सडतं. बुडाशी आधी पाणचट डाग येतो, मग तो चामड्यासारखा काळा होऊन आत बसतो. काळ्या वाणात हा डाग रंगात लपतो, म्हणून फळ हिरवं असतानाच बूड उलटून बघत जा. मातीत चुना कमी आहे म्हणून असं होतंय असं समजून चुना ओतत बसू नका. आपल्या काळ्या मातीत तो असतोच. पाणी खंडित झालं की तो फळापर्यंत पोचत नाही, एवढंच.

परसबाग_करवीर
छान माहिती, दोघांचेही आभार. तोडायचं कधी ते कसं ओळखायचं? या फळांचे खांदे (देठाभोवतीचा भाग) हिरवेच दिसतात म्हणे. आणि सालीत रंग असतो तर सालीसकट मिक्सरला लावून टाकलं तर?

पुरणयंत्र
खांद्याकडे बघूच नका, ते शेवटपर्यंत हिरवट राहतात. बुडाकडचा अर्धा भाग पूर्ण तपकिरी झाला आणि अंगठ्याने हलकं दाबल्यावर पिकल्या आंब्यासारखं किंचित दबलं की तोडा. खांदे रंगायची वाट बघितलीत तर फळ झाडावरच मऊ पडतं आणि आंबटपणाही उतरतो. देठाखालचा हिरवट कडक भाग मात्र कापताना काढून टाका, तो शिजून मऊ होत नाही.

मिक्सर नको. बी फुटून कडवटपणा उतरतो, साल कागदाच्या कपच्यांसारखी जिभेला लागते आणि हवा मिसळून सॉस फिकट, फेसाळ होतो. घरात पुरणयंत्र असेल तर त्याची बारीक जाळी लावा. साल आणि बी वर राहतं, गर खाली पडतो. यापेक्षा चांगलं साधन विकत आणायची गरज नाही.

क्रम महत्त्वाचा. टोमॅटो चिरून तासभर तसेच ठेवले तर त्यातली विकरं (एन्झाइम) दाटपणा देणारं पेक्टिन तोडतात. मग सॉस कितीही आटवा, ताटात वाढल्यावर कडेने पाणी सुटतं. म्हणून सगळे एकदम चिरू नका. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात पाचेक फोडी टाकून मोठ्या आचेवर उकळी आणा, मग उरलेले थेट त्या उकळीत चिरत जा, उकळी मोडू न देता. १० मिनिटांत मऊ झाले की पुरणयंत्रातून काढा. लोखंडी कढई, पितळ, ॲल्युमिनियम यांपैकी काहीच नको, आंबट रस भांड्याला लागून चव बिघडते.

५ किलो मिश्र टोमॅटोंतून साधारण सव्वाचार किलो रस निघतो. तो पसरट भांड्यात, झाकण न ठेवता, तिसऱ्या हिश्श्यावर येऊ द्या: दीड लिटरच्या आसपास सॉस. झाला का ते बघायला थंड स्टीलच्या ताटलीवर चमचाभर टाका आणि मिनिटभर थांबा. भोवती पाण्याची कड सुटली तर अजून आटवा. कड सुटली नाही आणि ताटली तिरकी केल्यावर गोळा सावकाश सरकला की गॅस बंद. शेवटची २० मिनिटं सतत ढवळावं लागतं, बूड धरलं तर जळका वास सगळ्या भांड्याला लागतो.

चेरोकी पर्पलसाठी एक वेगळी वाट आहे. अख्खी फळं डीप फ्रीजरमध्ये गोठवा. बाहेर काढून चाळणीत वितळू दिली की साल बोटाने सुटते आणि पाणी आपोआप निथळतं. आटवायचा वेळ खूप वाचतो. निथळलेलं पाणी फेकू नका, त्यात आंबटपणा आणि साखर असते, सार फक्कड होतं. ब्लॅक चेरी लावलेत तर ते अर्धे करून ओव्हनमध्ये १६० अंशांवर कापलेली बाजू वर ठेवून कडा सुरकुतेपर्यंत भाजा आणि शेवटी सॉसमध्ये मिसळा.

गर_जास्त_बी_कमी
एक राहिलं, आणि ते जिवाशी संबंधित आहे. टोमॅटोचा सामू (पीएच, आंबटपणा जितका कमी तितका हा आकडा मोठा) ४.३ ते ४.९ च्या दरम्यान असतो, वाण आणि पिकलेपणा यावर ठरतो. बंद बरणीत सामू ४.६ च्या वर गेला तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू विष तयार करू शकतो, आणि ते वासावरून कळत नाही. काळे टोमॅटो जिभेला गोड लागतात, पण जिभेवरून सामू ठरवता येत नाही. म्हणून वाण कुठलाही असो, अर्ध्या लिटरच्या बरणीत पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, घालायचंच. ताज्या लिंबाचा आंबटपणा फळागणिक बदलतो, त्यावर विसंबू नका. फार आंबट वाटलं तर वापरताना चिमूटभर गूळ घाला, आधी नको.

बरणी भरून झाकण लावल्यावर उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात अर्ध्या लिटरच्या बरणीला समुद्राकाठी ३५ मिनिटं आणि ३०५ ते ९१४ मीटर उंचीला ४० मिनिटं दिली आहेत. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं, त्यामुळे ४० धरा. वेळ मोजायचा तो पाणी खळखळून उकळायला लागल्यापासून. लसूण, कांदा, तेल बरणीत घालू नका, फोडणी वापरायच्या दिवशी द्या. एवढा खटाटोप नको असेल तर सपाट पिशव्यांत पाव-पाव किलो भरून गोठवा. गोठवलेल्या सॉसला लिंबूसत्त्वाचीही गरज नाही.

सरी_वरंबा
बी धरायचं असेल तर पहिल्या तोड्यातली निरोगी फळं बाजूला ठेवा. बी रसासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबू द्या, वर पांढरट साय आली की धुऊन सावलीत वाळवा. हे सरळ वाण आहेत, पुढच्या वर्षी तेच फळ मिळेल. रोमाच्या पाकिटावर मात्र 'एफ १' (म्हणजे संकरित) लिहिलं आहे का ते बघा. तसं असेल तर त्याचं बी धरू नका.